चौपदरी फडकं

आमच्या घरात पाणी चौपदरी फडक्यातून गाळतात आणि औषध गाळत नाहीत. हा नियम माझ्या धाकट्या मुलीला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. त्याचं कारण तिला माहीत नाही. कुणी विचारलं तर ती सांगते, ‘आमच्यात तसंच असतं.’ दुसऱ्यांच्या घरी कुळाचार असतात, तसा हा आमचा. घागरीच्या तोंडाला फडकं, बाटलीच्या तोंडाला नाही.

परवा भाद्रपद लागला. जिंतूरच्या बाजूला एका शेताची मोजणी चालू होती. मूग निघाला होता, कापूस कमरेला लागायला आला होता, आणि काळ्या रानात ओढलेल्या साखळीच्या प्रत्येक कडीला चिखलाचा गोळा चिकटत होता. भाद्रपदातलं ऊन विचित्र असतं. पाठ भाजते आणि पाय ओलीत गारठतात. बांधाकडेच्या साचलेल्या पाण्यावर डास धुरासारखे उभे होते. शेतमालकाची सून त्या बांधावर, भर उन्हात, गोधडी पांघरून बसली होती. आमची साखळी तेहतीस फुटांची. तेवढ्या अंतरावरून कुणाचे दात वाजलेले ऐकू येत नाहीत. मला ऐकू आले.

मी मोजणी खात्यातला माणूस आहे. जे मोजलं नाही ते मी सहसा बोलत नाही, आणि बोलायची वेळ आलीच तर आधी ‘अंदाजे’ म्हणतो. घरची माणसं याला हसतात. माझी थोरली बहीण, मुक्ताअक्का, सगळ्यांत जास्त हसायची. म्हणायची, “बापू, तुला भूक लागली का विचारलं तरी तू आधी ताट मोजशील.” अक्काला जाऊन आता काही वर्षं झाली. ती गेली तो भाद्रपद मी मनात अनेकदा मोजून पाहिला. प्रत्येक बाजू बरोबर भरते. प्रत्येक कोपऱ्यावरचा दगड जागेवर आहे. तरी क्षेत्रफळ जुळत नाही.

अक्का पेडगावला दिलेली. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचा धाकटा भाऊ दत्ता हैदराबादेला औषधं तयार करण्याचं शिक्षण घेत होता. हे असं शिक्षण असतं हेच आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टर ठाऊक होता, वैद्य आणि हकीम ठाऊक होते. दवाखान्यात पाहून पाहून शिकलेला कंपौंडरही ठाऊक होता. पण बाटली भरायला मॅट्रिकनंतर आणखी वर्षं घालवायची? अक्काचे यजमान, आमचे दाजी, स्वभावानं मोकळे. त्यांनी दत्ताला तोंडावर विचारलं होतं, “पावणं, तुमी शिकून डाक्टर व्हणार न्हाई, वैद व्हणार न्हाई. मग व्हणार काय? बूच?”

दत्ता हसला, पण त्याला लागलं. त्याचं म्हणणं असं होतं की डॉक्टर काय द्यायचं ते ठरवतो, पण ते रोग्याच्या पोटात नीट जाईपर्यंत मधे फार मोठी वाट आहे आणि त्या वाटेवर कुणीच उभं नाही. दवाखान्याच्या भिंतीत हातभर खिडकी असते. तिच्यातून बाटली बाहेर येते आणि ‘पुढचा’ असा आवाज येतो. बाटलीबरोबर दोन शब्द जायला हवेत, आणि ते बोलायचा अधिकार औषध करणाऱ्याला हवा. प्रत्येक दवाखान्यात शिकलेला औषध करणारा हवा आणि त्याला बोलू द्यायला हवं. एवढीच त्या मुलांची मागणी होती. दसऱ्यानंतर परभणीला मोठ्या साहेबांसमोर ती मांडायची ठरलं होतं, आणि मांडणार होता दत्ता. त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा नकाशा त्या मागणीवर काढलेला होता. मागणी मान्य झाली तर तो पेडगावच्या दवाखान्यात, अक्काच्या गावात, नोकरी मागणार होता.

पण नुसतं मागून कोण देतं? आधी काम दाखवावं म्हणून ती पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव गेली. पेडगावला दत्ता आला आणि त्याच्याबरोबर कादर नावाचा त्याचा दोस्त. हैदराबादचा, उंच, किडकिडीत, आणि सारखा हसणारा. दोघं अक्काकडेच राहिले. कादरचं ताट वेगळं ठेवावं की काय, यावर अक्काच्या सासूबाई दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी कादरनं त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाला, “अम्मा, ये मिरची है या दुश्मनी?” तिथून पुढं तो प्रश्न कुणी काढला नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी हाती घेतला नारू. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. पायाला फोड येतो, फुटतो, आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावतो. तो ओढून तुटला तर पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा आणि तोवर घरात पाय पसरून पडायचं. पेडगावची बारव पायऱ्यांची होती. बायका-माणसं पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरत आणि घागर बुडवत. नारूचा पायही त्याच पाण्यात. त्या वर्षी अक्काच्या एका घरात तिघांच्या पायाला काड्या होत्या. दाजी त्यांतले एक. पेरणी तोंडावर आणि घरचा कर्ता ओसरीवर पाय बांधून बसलेला.

दत्तानं बारवेच्या काठावर सभा घेतली. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जीव असतात, त्यांच्या पोटातून नारू आपल्या पोटात जातो, आणि वर्षानं पायातून बाहेर पडतो, हे त्यानं समजावलं. एक म्हातारा म्हणाला, “पान्यातून येतो म्हनता, मग मासुळ्यांना का होत न्हाई?” दुसऱ्यानं तिथंच उत्तर दिलं, “अरे, मासुळीला पाय हायेत का?” सगळी बारव हसली. दत्ताची सभा तिथंच बुडाली असती, पण अक्का पुढं झाली. तिनं पेल्यात पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि कादरचं भिंग डोळ्याला लावलं.

“अगं बया! हे तर नाचायलेत!”

मग प्रत्येक बाईनं भिंगातून पाहिलं. पाहिल्यावर कुणाच्या घशाखाली ते पाणी उतरेना. अक्कानं माझं एक जुनं धोतर मागून घेतलं होतं, ते फाडलं, चार पदरी घडी घातली आणि घागरीला बांधली. दत्तानं सांगितलेलं वाक्य असं होतं, “जे प्यायचं, ते चौपदरी फडक्यातून.” सोपं, लक्षात राहणारं. अक्कानं ते दारोदार नेलं. जिच्या घागरीला फडकं नसेल तिच्याशी ती बोलायची नाही. ताकही गाळायला लावायची. “म्हशीनं कुठलं पानी पिलंय तुला ठाव हाय का?” असं विचारायची. सुट्टी संपून पोरं परत निघाली तेव्हा तिच्या गल्लीत बिनफडक्याची घागर राहिली नव्हती. मी स्वतः फिरून पाहिलं. मला मोजल्याशिवाय राहवत नाही.

दत्ता त्या दिवशी मला म्हणाला होता, “दादा, एक वाक्य! एका वाक्यानं गाव बदललं बघ. आम्हाला फक्त बोलू द्या.” त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो, आणि दिसला की मी दुसरीकडे पाहतो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. चांगला पाऊस म्हणजे चांगलं पीक आणि भाद्रपदात हिवताप, हे आमच्याकडचं सरळ गणित. पेडगावात घराआड घर गोधड्या निघाल्या. एक दिवस ताप, एक दिवस माणूस बरं, शेतात जाऊन निंदणही करून येई, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दात वाजायला लागत. एका खोलीचा सरकारी दवाखाना होता. डॉक्टर आठवडी बाजाराच्या दिवशी परभणीहून येत. भले गृहस्थ होते, पण कामाच्या रेट्यानं वाकलेले. दत्ता आणि कादर महालक्ष्म्यांच्या सुट्टीच्या निमित्तानं आले आणि त्यांनी औषध करायला मदत करू का विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटलं. अट एकच. “खिडकीतून बाटली द्या. उपदेश नको. एकाशी बोललात की मागचे वीस खोळंबतात.” बारवेवर बोलायला मोकळीक होती, खिडकीत नव्हती.

औषध म्हणजे क्विनाइन. दत्तानं मला समजावलं होतं ते मला समजलं तसं लिहितो. क्विनाइन पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला थोडं तेजाब, म्हणजे आम्ल, लागतं. तेजाब घातलं की सगळं स्वच्छ पाणी होतं. ते तेजाब या दोघांनी हैदराबादेहून आणायचं ठरवलं होतं. मोटारवाल्यानं बाटली पाहिली आणि विचारलं, हे काय? कादर खोटं बोलत नसे. तो म्हणाला, तेजाब. “तेजाब? आन् मपल्या गाडीत? उतरा खाली.” बाटली तिथंच राहिली. दवाखान्यातलं तेजाब संपलेलं, नवं यायला वेळ. ताप थांबायला तयार नव्हता. मग दत्तानं पुस्तकाप्रमाणे दुसरी रीत धरली. बाभळीचा डिंक भिजवला, त्यात क्विनाइन घोटलं आणि पाणी घातलं. पांढरट, गढूळ औषध तयार झालं. यात काही चूक नव्हती. ही रीतच आहे. फक्त घ्यायच्या आधी बाटली हलवावी लागते. तसं लेबलावर छापलेलं होतं, पण लेबलं जुन्या साठ्यातली, उर्दूतली. कादर ती वाचून हसला, “गाँव में मेरे सिवा कौन पढ़ेगा जी?”

अक्कालाही हिवानं धरलं. तिला मात्र दत्तानं खिडकीतून नाही, घरी बसून सांगितलं. बाटली हातात धरून दाखवलं. “अशी जोरात हलव, आणि लगेच घे. बाटलीवरच्या पट्टीची एक खूण इतकं. आणि ऐक, दोन दिवसांनी कान वाजायला लागतील. घाबरायचं नाही. क्विनाइननं होतं तसं.” अक्कानं मान डोलवली. खिडकीतून बाटल्या घेऊन आलेल्या गल्लीतल्या बायकांनाही तिनंच शिकवलं. दवाखान्यात जे कुणी बोललं नाही, ते अक्का बोलली. “हलवायची हां का बाटली. आमच्या दत्तानं सांगितलंय.”

दोन-तीन दिवसांनी मी पेडगावला गेलो तेव्हा दत्तानं ओसरीवरूनच विचारलं, “अक्का, कान वाजायलेत का?”

“न्हाई बाबा. काईच न्हाई. लय गुणाचं औषध हाय तुझं, काईबी तरास न्हाई.”

कादर म्हणाला, “अक्का, तुमारे कानां लोहे के हैं क्या?”

“लोखंडाचे न्हाईत रे. पन तुमचं ऐकून ऐकून घट्टे पडलेत.”

आम्ही सगळे हसलो. दत्तासुद्धा. त्याला वाटलं औषध मानवलं. त्या हसण्याकडे मी आता पाहतो, तर तेव्हा मला माहीत नव्हतं असं काहीच त्यात दिसत नाही. खूण समोर होती. औषध पोटात गेलं असतं तर कान वाजले असते, एवढं सरळ. पण बहिणीला त्रास होत नाही म्हटल्यावर कुठला भाऊ काळजीत पडतो?

महालक्ष्म्यांच्या दिवशी घरात आंबिलीचा वास होता. आघाड्याची पानं, केन्याची फुलं, मुखवट्यांपुढं फराळाची रास. अक्कानं अंगात ताप असताना दोन्ही महालक्ष्म्यांना लुगडी नेसवली. निऱ्या एकसारख्या येईनात म्हणून पुन्हा सोडून नेसवली. मी म्हटलं, “पुरे आता.” ती म्हणाली, “बापू, तूच मोज बरं निऱ्या. सारख्या हायेत का?” मी मोजल्या. सारख्या होत्या.

दिवेलागणीला ती तिथंच, आरतीच्या आधी, खाली बसली. या खेपेची थंडी वेगळी होती. तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती, आणि मग थंडी गेली आणि ती असंबद्ध बोलायला लागली. आईशी बोलू लागली. आमची आई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

“औषधाची येळ झाली,” सासूबाई म्हणाल्या. म्हातारीनं देवळीतून बाटली काढली. जोरात हलवली, दत्तानं दाखवली होती अगदी तशी. मग तिनं खुंटीवरचं फडकं घेतलं. चार पदरी, माझ्या धोतराचं. ते पेल्यावर ताणून धरलं आणि त्यावर खुणेइतकं औषध ओतलं. खाली पेल्यात पाण्यासारखं थेंब थेंब पडलं. वर फडक्यावर पांढरा लगदा राहिला. म्हातारीनं ते सवयीनं दाराबाहेर झटकलं.

एरवी औषधाच्या वेळी दत्ता दवाखान्यात असे. तेव्हा तो हात धुऊन आत येत होता. तो उंबऱ्यातच थांबला.

“आई, हे काय करायलाव?”

“गाळायले.”

“औषध? रोज गाळता?”

“मग? तूच म्हनलास ना बाबा, जे प्यायचं ते चौपदरी फडक्यातून. सून म्हनली, गढूळ दिसतंय, नीट गाळून द्या. सगळी आळी गाळायली. पैल्या दिवसापासून.”

दत्तानं पेला उचलला आणि जिभेला लावला. पाणी कडू होतं. हेच या सगळ्यातलं सर्वांत क्रूर कलम. क्विनाइन इतकं कडू की त्याचा लवलेशही पाण्यात उतरला तरी तोंड वेडंवाकडं होतं. जिनं ते घेतलं तिला वाटावं, औषध आहे. कडू होतं, म्हणजे औषध होतं. आणि सगळं औषध अंगणात पडलेलं होतं.

त्यानं बाटली हलवून तशीच्या तशी अक्काला पाजली. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी, पुन्हा पुन्हा. कादर गल्लीत घरोघर पळाला. त्याला मराठी पुरेसं येत नव्हतं. तो प्रत्येक दारात हात जोडून म्हणत होता, “नक्को गाळो, अम्मा, नक्को गाळो.” बायका घाबरल्या. काल गाळा म्हणत होते, आज गाळू नका म्हणतात, म्हणजे औषधात काय घातलं की काय? काहींनी बाटल्याच उकिरड्यावर ओतल्या. तरी गल्लीतल्या बाकीच्या बायका वाचल्या. कुणी काटक अंगाच्या होत्या, कुणाचा ताप साधा होता. अक्काचा ताप डोक्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थोडी शुद्धीवर आली. दत्ता उशाशी होता, मी पायाशी. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर हसू आलं. शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखं.

“दत्ता,” ती म्हणाली, “आता वाजायलेत रे कान.”

संध्याकाळच्या आत ती गेली. महालक्ष्म्या अजून उठवायच्या होत्या. निऱ्या तशाच होत्या, सारख्या.

दिवस झाल्यावर दत्ता परभणीला माझ्या घरी आला. त्यानं मोरीजवळ बसून दोन पेले मांडले. एका बाटलीतलं औषध हलवून एका पेल्यात तसंच ओतलं, दुसऱ्यात फडक्यातून. चार पदर. मग फडक्यावरचं आणि पेल्यातलं वेगवेगळं सुकवून त्यानं काट्यावर धरलं. एका खुणेत क्विनाइन दहा ग्रेन. ग्रेन म्हणजे गुंजेच्या अंदाजे निम्मं. दहापैकी दोनसुद्धा फडक्यापलीकडे गेलं नव्हतं. त्यानं ते दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. मी त्याला थांबवलं नाही. मोजणारा माणूस अशा वेळी काय करतो ते मला कळतं. त्याला चूक सापडायला हवी असते. डिंक बरोबर होता. क्विनाइन बरोबर होतं. हलवायला सांगितलेलं होतं, हलवलंही होतं. पाणी गाळायला सांगितलं होतं, गाळलं होतं. अक्कानं दोन्ही आज्ञा पाळल्या. एकाही शब्दात चूक नव्हती.

“‘औषध सोडून’ म्हणायचं होतं,” दत्ता म्हणाला. “दोन शब्द.”

मी म्हटलं, “हे कुणाला सुचलं असतं?”

“म्हणूनच. जे सुचलं नाही, त्यानं माणूस मरतो. दादा, प्रत्येक सांगण्याला खाली एक धाकटं सांगणं लागतं. त्याला आणखी एक. मी कुठवर सांगत जाणार?”

मी दोन्ही पेले विसळून पालथे घातले. 

दसऱ्यानंतर परभणीला ती सभा झाली. मी मागच्या रांगेत होतो. पुढं साहेब, डॉक्टर, आणि गावोगाव काम केलेली पोरं. दत्ताचं नाव पुकारलं. काय बोलायचं ते त्यानं उन्हाळाभर घोटलेलं मला ठाऊक होतं. खिडकी, मधली वाट, दोन शब्दांचा अधिकार. साहेबांनी प्रेमानं विचारलं, “पेडगावला तुम्ही काय काम केलं, ते आधी सांगा.”

दत्ता म्हणाला, “पाणी गाळायला शिकवलं. सगळे शिकले.”

आणि खाली बसला. लोकांना वाटलं, पोरगा विनयशील आहे. टाळ्या पडल्या. कादर माझ्या शेजारी बसला होता. त्यानं दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून घेतले. पुढं कुणीतरी मागणी वाचून दाखवली, साहेबांनी विचार करू म्हटलं, आणि चहा आला. ज्यानं ती मागणी जिवंत केली असती तो चहा न घेता निघून गेला होता.

आता एक गोष्ट राहिली, ती लिहिली नाही तर हिशेब अपुरा राहील. नारू वर्षानं बाहेर पडतो. म्हणजे ज्या उन्हाळ्यात अक्कानं फडकी बांधली, त्या फडक्यांचं फळ दिसायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. तो उजाडला तेव्हा मी पेडगावला गेलो होतो. अक्काच्या घरात एकाच्याही पायाला काडी नव्हती. दाजी मोकळ्या पायानं तिफण जोडत होते. मला पाहून त्यांनी हातातलं जू खाली ठेवलं. आपल्या पावलांकडे पाहिलं आणि म्हणाले, “बघा पावणं. पाय दिऊन गेली.” मग त्यांनी बैल जुंपले. पेरणीला वेळ नसतो.

हे बेरजेत धरायचं की वजाबाकीत? मी बऱ्याच पद्धतींनी मांडून पाहिलं. एका बाजूला गल्लीभर पाय. दुसऱ्या बाजूला अक्का. जमीन असती तर मी पंचांना बोलावून हद्द ठरवली असती. इथं हद्दच नाही. ज्या फडक्यानं पाय वाचले, तेच ते फडकं. त्याचा अर्धा भाग चांगला आणि अर्धा वाईट असं कापता येत नाही.

दत्ता शिक्षण पुरं करून सरकारी नोकरीत लागला. मागितली नव्हती तरी मिळाली. शिकलेल्या माणसांची गरज होतीच. तो जिंतूरच्या दवाखान्यात आहे. त्याचं काम चोख आहे असं सगळे सांगतात. तेजाबाची बाटली त्यानं कधी संपू दिली नाही. मध्यंतरी राज्यं बदलली, हैदराबाद गेलं, मुंबई आली. लेबलंही आता मराठीत येतात. आणि खिडकीत बोलायला आता मनाई नाही. नव्या डॉक्टरांनी त्याला आपण होऊन सांगितलं होतं, तुम्ही शिकलेले आहात, लोकांना समजावून द्या. दत्ता ‘बरं’ म्हणाला. समजावत कुणालाच नाही. कादर हैदराबादला राहिला. त्याचं ईदेला कार्ड येतं. दत्ता ते देवळीत ठेवतो.

घरी आला की दत्ता पावसाबद्दल बोलतो, कापसाबद्दल बोलतो, माझ्या मुलीशी भेंड्या खेळतो. माझी बायको त्याच्यासमोर पाणी गाळते तेव्हा तो उठून अंगणात जातो.

परवा मोजणी लवकर आटोपली. मुलीचं पोट बिघडलं होतं म्हणून मी जिंतूरच्या दवाखान्यात रांगेत उभा राहिलो. भावाचं दुकान नाही ते, रांग मोडता येत नाही. भाद्रपदातली रांग, गोधड्या, कण्हणं, ओल्या कपड्यांचा वास. माझ्यापुढं एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मूल जुलाबानं मलूल झालेलं. खिडकीतून दत्ताचा हात आला. हातात बाटली, आत पांढरं, खडूचं औषध. तळाला जाड थर. तेही हलवूनच घ्यायचं असतं, एवढं मला आता कळतं. हातानं बाटली ठेवली आणि आतून आवाज आला, “पुढचा.”

बाईनं बाटली उजेडात धरली. गढूळ पाहून तिनं नाक मुरडलं. मग तिनं कमरेचं फडकं काढलं, त्याची घडी घातली. दोन पदर, मग चार. आणि बाटलीचं बूच उपसलं.

मी म्हणालो, “बाई, गाळू नका. औषध गाळायचं नसतं. हलवून तसंच द्या लेकराला.”

तिनं माझ्याकडे खालून वर पाहिलं. माझे पाय चिखलानं भरलेले, खांद्यावर साखळीची पिशवी.

“पानी गाळूनच प्या म्हनत्येत की सगळे.”

“पाणी गाळा. औषध सोडून.”

“तुमी डाक्टर हाव का?”

“नाही. मी मोजणीदार.”

तिनं खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. गजांपलीकडे दत्ता उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता, हातभर अंतरावर. त्याचे ओठ हलले असं मला वाटलं. अंदाजे.

“त्ये तर काईच बोलले न्हाईत,” बाई म्हणाली. पदर सावरून, मूल या कडेवरून त्या कडेवर घेऊन, ती पायऱ्या उतरली. फडकं तिच्या हातात होतं.

“पुढचा,” दत्ता म्हणाला. पुढचा मीच होतो.